नऱ्ह्याच्या काकांना: अर्धी ताकद गेली कुठे?

काका, नमस्कार. घरच्या सिंगल-फेजवर व्हीएफडी (सिंगल-फेजमधून थ्री-फेज वीज करून देणारा ड्राइव्ह) लावून थ्री-फेज मोटरचा लेथ चालवावा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘सिंगल-फेजवर व्हीएफडी लावून लेथ चालवा म्हणजे लोकांना खड्ड्यात घालणं. माझा ५ एचपीचा कॉम्प्रेसर त्यावर धापा टाकतो. त्यापेक्षा पाचशे रुपयांचा कपॅसिटर बरा,’ असं तुम्ही खडसावलंत. धापा टाकत असणारच. पण दोष व्हीएफडीचा नाही, मोटरच्या जोडणीचा आहे. आणि जोडणीबद्दल मी लेखात एक ओळही लिहिली नव्हती, ही चूक माझी.

व्हीएफडीला २३० व्होल्ट दिले की पलीकडे तीन फेज मिळतात, पण तेही २३०चेच. माझी १ एचपीची मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये, म्हणजे तिच्या तिन्ही कॉइलची एकेक टोकं एकत्र जोडलेली; अशा जोडणीत प्रत्येक कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. पहिल्या दिवशी तशीच लावली. चक (लेथचा रॉड पकडणारा भाग) मस्त फिरायला लागला, मी खूश! एमएसच्या (साध्या पोलादाच्या) रॉडवर मिलिमीटरभर कट घेतला आणि गडी जागच्या जागी थांबला. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा उरला होता. मग टर्मिनल बॉक्स उघडला. सहा स्टड, त्यातले एका ओळीतले तीन पत्त्यांनी आडवे जोडलेले. त्या आडव्या पत्त्या काढून तीन उभ्या लावल्या, झाली डेल्टा. यात प्रत्येक कॉइलला थेट पूर्ण २३० मिळतात. तीच मोटर २३०वर पूर्ण ताकदीने चालायला लागली. (एक पत्ती कमी पडली, ती तपकीर गल्लीतून आणली.)

तुमची ५ एचपीची मोटर मात्र बहुधा ४१५लाच डेल्टात असणार. तिला आणखी खाली उतरायला पायरीच नाही. २३०वर ती साधारण २८ हर्ट्झपर्यंत, म्हणजे ५० हर्ट्झच्या निम्म्याहून थोड्या जास्त वेगापर्यंत जोर धरते, पुढे ढेपाळते. तिच्यासाठी महावितरणची थ्री-फेज जोडणीच घ्या.

राहिला कपॅसिटर. १ एचपीला साधारण ५० मायक्रोफॅरडचा, रनिंगचा (मोटर चालू असेपर्यंत जोडलेला राहणारा) लागतो, आणि डेल्टा तिथेही करावीच लागते. शिवाय एका ठरावीक लोडलाच त्याचं गणित जुळतं. लेथ निम्मा वेळ रिकामा फिरतो, आणि नेमकी तेव्हाच मोटर तापते. सुरू होतानाचा जोरही कमीच.

आणि हो, जुना स्टार्टर व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये ठेवला असेल तर आधी काढा. चालत्या मोटरवर त्याने जोडणी तोडली की ड्राइव्ह उडायची भीती. ऑन-ऑफ व्हीएफडीवरूनच करा.

कॉम्प्रेसरच्या नेमप्लेटचा फोटो टाका. त्यावर ४१५ला स्टार निघालं, तर रविवारी पाना घेऊन मीच येतो नऱ्ह्याला.