पॅड बदलूनही ब्रेक कडक: आमचं उत्तर

नमस्कार. पॅडचे पैसे घेतले तरी ब्रेक कडकच, घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या घाटात पाय रेटून दाबावा लागला आणि आता दुसरं गॅरेज बूस्टर (हवेच्या पोकळीच्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या, ओढीने पायाचा जोर वाढवणारा डबा) बदला म्हणतंय, असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. स्टारचं राहू द्या, पण बूस्टर आज विकत घेऊ नका.

पॅड 3 मिमीच्या खाली गेले होते, ते बदलायचेच होते. पेडल कडक होणं हा वेगळा रोग आहे. जॉब कार्डवर ‘पेडल कडक, व्हॅक्यूम तपासणे’ असं लिहिलंय, पण गाडी तुम्हाला त्याच संध्याकाळी हवी होती. पेडल खाली बसत जात असेल तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलवर देणारा भाग), मऊ लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा. कडक असेल तर आधी व्हॅक्यूम बघायचा.

घरीच बघा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टरला मदत मिळतेय. जागचं हललं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर गेलाय. मग इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा. पहिलाच दाब कडक लागला तर व्हॅक्यूम टिकत नाही: चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), पाइप किंवा बूस्टर गळतोय. व्हॉल्व्हमधून बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा जावी, उलट बाजूने जाऊ नये. पेडल दाबून धरल्यावर पायाशी सतत ‘स्स्स’ येत राहिलं तर मात्र डायफ्राम, म्हणजे बूस्टरमधला रबरी पडदा, फाटलाय, बूस्टर बदलावाच लागेल.

माझा संशय पंपावर आहे. तुमच्या डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो आणि त्याला इंजिनचंच ऑइल मिळतं. बारीक ऑइल पाइप चोंदला की आतल्या पात्या घासतात आणि व्हॅक्यूम कमी पडतो. मग सपाटीवर एखाददुसऱ्या ब्रेकला काही जाणवत नाही. उतारावर, ट्रॅफिकमध्ये, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) पुन्हा पुन्हा दाबलं की व्हॅक्यूमचा साठा संपतो. घाटात नेमकं तेच झालं असणार. पंपाचा सील गेला तर ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं, चार्जिंगही बिघडतं. व्हॅक्यूम पाइप बदलायची वेळ आली तर साधा पाण्याचा पाइप लावू देऊ नका, तो आतून चिपकतो.

व्हॅक्यूम मोजायचा गेज लावला की आयडलवर साधारण 20 इंच (पाऱ्याचे) तरी दिसायला हवं. कमी असेल तर बहुतेक वेळा पंपाच्या दुरुस्ती किटमध्ये काम होतं. बूस्टर खरंच गेला असेल तर मास्टर सिलिंडरचा मागचा सीलही बघावा लागतो. तो गळून ब्रेक ऑइल आत उतरलं की नवा बूस्टरही खराब होतो.

तोवर घोडबंदरचा उतार टाळा आणि कुठल्याही उतारावर इंजिन बंद करू नका, पंप तिथेच थांबतो. सकाळी इंजिन थंड असताना वागळे इस्टेटला गाडी आणा. गेज तुमच्यासमोर लावू, तपासणीचे पैसे नाहीत. काढलेला प्रत्येक पार्ट तुमच्या हातात देऊ.