‘फॅरनहाइट ४५१’वरचा तो मेसेज आणि कादंबरीत खरोखर काय आहे

वाचन प्रेरणा दिन जवळ आला की आमच्या मोर्शी-वरूडकडच्या शिक्षकांच्या आणि वाचनालयवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. यंदाही फिरला. मजकूर थोडक्यात असा: रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीत एक हुकूमशाही सरकार लोकांच्या हातातली पुस्तकं हिसकावून जाळतं. लोक वाचनासाठी तळमळतात. कागद बरोबर ४५१ अंशांना पेटतो, म्हणून हे नाव. शेवटी नायक जनतेला जागं करतो. जो जो पुस्तक जाळतो तो त्या सरकारच्याच जातकुळीचा, मग १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळणारे का असेनात. शेवटी दिलासा: आता सगळं ज्ञान मोबाईलमध्ये आहे, तेव्हा तो धोका टळला. खाली हात जोडलेले आणि ‘वाचाल तर वाचाल’.

लिहिणाऱ्यानं कादंबरी उघडलेली नाही हे उघड आहे. त्याला एवढं उत्तर कशाला, असं आमच्या वाचनालयातले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. उत्तर अशासाठी, की मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक ओळ कादंबरीच्या बरोबर उलट आहे, आणि ती उलटी बाजूच आपल्याला सोयीची आहे.

‘सरकार पुस्तकं हिसकावून जाळतं’

जाळणारे सरकारी नोकर आहेत, हे खरं. गाय मॉन्टॅग हा फायरमन. घरं आगीपासून सुरक्षित बांधली जायला लागल्यावर विझवायला काही उरलं नाही, म्हणून या खात्याला नवं काम मिळालं आणि नळीतून पाण्याऐवजी केरोसीन यायला लागलं. पण हे सुरू कसं झालं, ते पहिल्या भागात मॉन्टॅगचा वरिष्ठ, कॅप्टन बीटी, सविस्तर सांगतो. मॉन्टॅग कामावर न जाता अंथरुणात पडलाय, उशीखाली चोरलेलं पुस्तक आहे, आणि बीटी समोर बसून इतिहास ऐकवतो. तो म्हणतो, हे वरून आलं नाही. आधी ना हुकूम होता ना बंदी. सिनेमा आला, रेडिओ आला, लोकांना घाई झाली. जाड ग्रंथाचा पंधरा मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम झाला, त्याचा दोन मिनिटांत वाचून होणारा रकाना झाला, आणि शेवटी शब्दकोशातल्या दहा-बारा ओळी उरल्या. दुसऱ्या बाजूनं प्रत्येक गटाला काहीतरी खुपायला लागलं. कोणी दुखावू नये म्हणून लेखक-प्रकाशकांनी टोकं घासत नेली. पुस्तकं गुळमुळीत झाली, खपेनाशी झाली. फायरमन आला तो त्यानंतर.

बीटी खलनायक आहे, त्याचं म्हणणं जसंच्या तसं का घ्यावं, हा प्रश्न रास्त आहे. ‘लोकांनाच हे हवं होतं’ असं म्हणणं जाळणाऱ्याच्या फायद्याचंच असतं. पण दुसऱ्या भागात फेबर हा म्हातारा, निवृत्त प्राध्यापक भेटतो. त्याला बीटीची बाजू घ्यायचं काही कारण नाही, आणि तोही हेच सांगतो: लोकांनी आपण होऊन वाचणं सोडलं. दोन विरुद्ध बाजूंची माणसं एकाच गोष्टीवर सहमत असतील, तर लेखकाला ती वाचकाच्या डोक्यात ठसवायची आहे असं समजायला हरकत नाही.

आणखी एक. मॉन्टॅगच्या स्वतःच्या घरी फायरमन येतात, ते कोणाच्या तक्रारीवरून? त्याच्या बायकोच्या. हेर नाही, पोलीस नाही, घरातलं माणूस.

आपल्याकडचाच क्रम पाहा. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, ग्रंथ आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. ज्या परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रावरून हे घडलं, ते पुस्तक प्रकाशकानं भारतातून आधीच मागे घेतलेलं होतं. राज्य सरकारची बंदी आली ती हल्ल्यानंतर. म्हणजे आधी प्रकाशकाची माघार, मग जमाव, मग सरकार. पुढे बंदी न्यायालयात टिकली नाही, ती गोष्ट वेगळी.

याचा अर्थ सरकार निर्दोष, असा कोणी काढू नये. कादंबरीतली ती म्हातारी आपल्या पुस्तकांच्या ढिगात उभी राहून स्वतःच काडी ओढते, तेव्हा तिच्यासमोर उभे असतात ते पगारी नोकरच. लोकांनी रस्ता मोकळा केला आणि राज्य त्यावरून चालत आलं.

‘लोक वाचनासाठी तळमळतात’

कोण तळमळतं? मॉन्टॅगची बायको मिल्ड्रेड दिवाणखान्यात बसून असते. तीन भिंतींवर टीव्ही आहे, चौथी भिंत पाहिजे म्हणून ती नवऱ्यामागे लागलीय. खर्च दोन हजार डॉलर, म्हणजे त्याच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. भिंतीवरच्या मालिकेतल्या माणसांना ती आपलं ‘कुटुंब’ म्हणते. रात्री कानात शिंपल्याएवढे रेडिओ. आपण दोघं पहिल्यांदा कुठं भेटलो, हे तिला आठवत नाही. ती झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी करते, तर पोट साफ करायला येतात ते डॉक्टरही नाहीत, यंत्रवाले कामगार, कारण अशा केसेस रोज रात्री नऊ-दहा होतात. हे १९५३ साली लिहिलेलं आहे, टीव्ही काळा-पांढरा असताना.

मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी बरेच जण इथं ‘आजकालची पिढी’ म्हणून मान हलवतील. सावकाश घ्या. मिल्ड्रेडकडे दिवसभर फुरसत आहे आणि पैसा आहे. कापूस वेचून संध्याकाळी घरी आलेली बाई चूल पेटवता पेटवता मालिका पाहते, तिला मिल्ड्रेडच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. फेबर तीन गोष्टी मागतो: दर्जेदार, पोत असलेला मजकूर, तो पचवायला फुरसत, आणि त्यातून जे उमगलं त्याप्रमाणे वागण्याचा हक्क. आमच्याकडे दुसरीचाच दुष्काळ आहे, आणि तो टीव्हीनं आणलेला नाही.

बीटीची खरी धारदार ओळ वेगळीच आहे, आणि ती कुठल्याच मेसेजमध्ये येत नाही. तो म्हणतो, लोकांना स्पर्धा द्या. लोकप्रिय गाण्यांचे शब्द, राज्यांच्या राजधान्या, आयोवात गेल्या वर्षी मका किती पिकला. पेट न घेणारी माहिती ठासून भरा, म्हणजे आपण विचार करतोय असं त्यांना वाटेल.

हे मी वाचलं तेव्हा आमच्या गावच्या वाचनालयाची अभ्यासिका डोळ्यांपुढे आली. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारं छोटं वाचनालय, कादंबऱ्यांची दोन कपाटं, दैनिकांचा स्टँड. आता निम्मी खोली अभ्यासिकेला दिलीय. सकाळपासून तलाठी भरती, पोलीस भरती, वनरक्षक. पोरं मान वर करत नाहीत. कपाशीखाली सर्वाधिक क्षेत्र कोणत्या जिल्ह्यात, अमुक धरण कोणत्या नदीवर. एकाला मी कथासंग्रह देऊ केला तर म्हणाला, “सर, हे पेपरात येते काय? नसन येत तं कायले वाचाचं?” त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तीन एकर कोरडवाहूत घर चालत नाही, त्याला नोकरी पाहिजे. पण ज्यांनी हे पेपर काढले आणि ज्यांनी वाचनालयाचं यश ‘किती पोरं लागली’ यावर मोजायला सुरुवात केली, त्यांना बीटी ओळखीचा वाटायला हरकत नाही. कपाटातली पुस्तकं कोणी जाळलेली नाहीत. उलट दरवर्षी अनुदानातून नवी येतात, शिक्का बसतो, दाखल रजिस्टरला नोंद होते.

‘कागद बरोबर ४५१ अंशांना पेटतो’

ब्रॅडबरी सांगायचे की त्यांनी अग्निशामक दलाला फोन करून हा आकडा मिळवला. ४५१ फॅरनहाइट म्हणजे सुमारे २३३ सेल्सिअस. प्रत्यक्षात कागद किती जाड, कसला, किती वेळ तापला, यावर ते बदलतं. नाव म्हणून आकडा झकास आहे, विज्ञानाच्या पेपरात लिहू नका.

‘लेखकच म्हणाला, ही सेन्सॉरशिपवर नाहीच’

हे मेसेजमध्ये नाही. मेसेजखाली कोणीतरी हुशार माणूस दरवेळी टाकतो ते उत्तर आहे. म्हणाले होते खरं. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका साप्ताहिकाशी बोलताना ब्रॅडबरींनी सांगितलं, की ही कादंबरी टीव्हीनं वाचनाची गोडी कशी मारली याबद्दल आहे. पण पुस्तक छापलं गेलं ऑक्टोबर १९५३ मध्ये, कम्युनिस्ट हुडकत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या ऐन भरात. परदेशांतल्या अमेरिकन सरकारी वाचनालयांतून ‘संशयित’ लेखकांची पुस्तकं तेव्हा काढली जात होती, आणि त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना एका कॉलेजात जाहीरपणे सांगावं लागलं की पुस्तकं जाळणाऱ्यांना सामील होऊ नका. नाझींच्या राज्यात बर्लिनला १० मे १९३३ ला झालेली पुस्तकांची होळी तर वीसच वर्षांमागची. ती पेटवण्यात विद्यार्थी संघटनाच पुढे होत्या, हे जाता जाता. वयाची ऐंशी ओलांडलेल्या लेखकानं तरुणपणच्या पुस्तकाचा एकच अर्थ सांगितला, म्हणून बाकीची पानं कोरी होत नाहीत.

‘महाडला जाळणारेही त्याच जातकुळीचे’

मेसेजमधली ही सगळ्यात खोडसाळ ओळ, आणि विदर्भात ती बिनबोभाट फिरते याचं मला नवल वाटतं.

मॉन्टॅगचं खातं पुस्तक जाळतं, ते एकही प्रत उरू नये म्हणून. ज्याच्याकडे सापडेल त्याचं घरही जाळतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला काय झालं? त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्याले म्हणून ज्यांना मारहाण झाली होती, त्यांनी आपल्याला पाणी आणि अक्षर नाकारणाऱ्या ग्रंथाचं जाहीर दहन केलं. कोणाच्या घरात शिरले नाहीत, कोणाच्या कपाटातून काही ओढून आणलं नाही. मनुस्मृती दुसऱ्या दिवशीही दुकानात मिळत होती, आजही मिळते. आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली हे झालं ते डॉ. आंबेडकर पुढे आयुष्यभर तोच ग्रंथ वाचत, त्यातले श्लोक काढून दाखवत, त्याचं खंडन लिहीत राहिले. ग्रंथांसाठी राजगृह बांधणारा माणूस बीटीचा भाऊ कसा? बीटीनं पुष्कळ वाचलंय, हे खरं, पण दुसऱ्या कोणी वाचू नये यासाठी तो पगार घेतो.

मी तीन प्रश्न विचारतो. जाळणाऱ्याच्या हाती सत्ता आहे का? उद्या ते पुस्तक कोणाला मिळेल का? ते बाळगणारा माणूस आज रात्री घाबरून झोपणार आहे का? हे प्रश्न आपल्या माणसांनाही लावायचे. हयात लेखकाच्या दारात जाऊन त्याच्या पुस्तकाची होळी करणारा जमाव महाडचं नाव घेत असेल, तर तिसऱ्या प्रश्नाला तो नापास होतो, झेंडा कुठल्याही रंगाचा असो.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल ज्यानं पाहिलेत, त्याला मी जास्त सांगायला नको. आमच्याकडून ट्रॅव्हल्स भरून लोक जातात आणि येताना पिशवीत पुस्तकं आणतात, ज्यांना स्वतःला वाचता येत नाही तेसुद्धा नातवासाठी.

‘सगळं मोबाईलमध्ये आहे, धोका टळला’

याला उत्तर याच कादंबरीच्या नशिबानं दिलंय. १९६७ मध्ये तिच्या अमेरिकन प्रकाशकानं शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि लेखकाला न सांगता पंचाहत्तर ठिकाणी मजकूर बदलला. शिव्या गेल्या, गर्भपाताचा उल्लेख गेला. पुढे काही वर्षं तर बाजारात तीच एक आवृत्ती होती. १९७९ च्या सुमारास ब्रॅडबरींना ते कळलं, तेव्हा कुठं मूळ मजकूर परत आला. काडी ओढलीच नाही, मुखपृष्ठ तेच राहिलं, आणि बहुतेक वाचकांना पत्ता लागला नाही. छापील प्रतींत हे झालं, तर पडद्यावर किती सोपं! जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं हक्कांच्या वादातून ऑरवेलच्या ‘१९८४’च्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्रातून, दुरून पुसून टाकल्या होत्या. नंतर माफी मागितली, पण हात तिथपर्यंत पोचतो हे दिसलं.

‘नायक जनतेला जागं करतो’

मॉन्टॅग कोणालाही जागं करत नाही. बायकोच्या मैत्रिणींना एक कविता वाचून दाखवतो, तर एक रडायला लागते, दुसरी भडकते, आणि दोघी निघून जातात. बीटीला तो जाळतो, नदीतून पळतो, आणि मागं शहर बॉम्बखाली संपतं. नदीपलीकडे त्याला ग्रेंजरची टोळी भेटते. तिथं प्रत्येकानं एकेक ग्रंथ पाठ केलाय. मॉन्टॅगच्या वाट्याला बायबलमधलं एक प्रकरण येतं. आणि ग्रेंजर त्याला बजावतो, की तू महत्त्वाचा नाहीस, तुझ्या डोक्यात जे आहे ते महत्त्वाचं.

आमच्या तालुक्यात हा भाग समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. रिद्धपूर इथंच आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटानं गोळा केल्या, ‘लीळाचरित्र’ झालं. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि ज्यांना पाठ होतं त्यांच्या तोंडून ती पुन्हा लिहिली गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. पंथानं मग पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहून जपल्या.

पण रिद्धपूरच्या अनुभवावरून मला ब्रॅडबरींशी थोडं भांडायचं आहे. ग्रेंजर सहज सांगून टाकतो, की एकदा वाचलेलं शब्दशः आठवण्याची युक्ती आमच्याकडे आहे. लीळाचरित्राचं तसं झालं नाही. वेगवेगळ्या माणसांच्या आठवणींतून वेगवेगळे पाठ तयार झाले, कुठं लीळा कमी, कुठं जास्त, कुठं क्रम बदललेला. वि. भि. कोलत्यांसारख्या अभ्यासकांना कितीतरी पोथ्या शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी लागली, आणि तरी वाद मिटले नाहीत. ग्रेंजरची माणसं जळालेल्या शहरात परत जाऊन लिहायला बसतील, तेव्हा कोणाचा पाठ खरा यावरून त्यांच्यातही भांडणं लागतील. ब्रॅडबरींनी कादंबरी त्याच्या एक पाऊल आधी थांबवली आहे.