सकाळी रडणं आणि संध्याकाळी हसणं खोटं कसं?

नवरा गमावलेल्या बायकांच्या उन्हाळी प्रेमकथांवर एक लेख वाचला. त्यात म्हटलंय की अशा कथांमधलं दुःख वरवरचं असतं, कारण नायिका वारलेल्या नवऱ्याचा शर्ट सकाळी छातीशी धरून रडते आणि संध्याकाळी दुसऱ्याच कुणाबरोबर समुद्रात पोहायला जाते. अहो पण मला तेच सगळ्यात खरं वाटतं! १९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी हेच मांडलंय, की माणूस कधी दुःखात बुडतो, कधी रोजच्या जगण्यात शिरतो, आणि या येरझाऱ्या घालत घालतच सावरतो. दुःखाचे ते फेमस पाच टप्पे (नकारापासून स्वीकारापर्यंतचे) मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस बाईंनी १९६९ मध्ये सांगितले ते मुळात मरणाच्या दारातल्या पेशंट्सशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे, पण लेखक मंडळी अजून त्याच क्रमाने चॅप्टर पाडतात.

माझी तक्रार पुन्हा कुणाला गमावण्याच्या भीतीबद्दल आहे. एकदा माणूस गमावलेल्या बाईला "पोहोचलो की मेसेज करतो" म्हणून गेलेल्याचा मेसेज वीस मिनिटं नाही आला की काय होतं ते कुणी नीट लिहीतच नाही, ती चारदा फोन उचलून बघते, चहा गार होतो, आणि तो मजेत आला की त्याच्यावरच उखडते, त्या बिचाऱ्याला कळतच नाही काय झालं ते. हे लिहा ना! त्याऐवजी शेवटी एक वादळ, एक अपघात, हॉस्पिटलमध्ये मिठी आणि भीती गायब. वर उपसंहारात लग्न आणि बाळ पण. तिथे मी पुस्तक मिटते सरळ.