‘तुर्कांनी फक्त नक्कल केली’ या दाव्याबद्दल

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून माझ्याकडे आला. वर इस्तंबूलच्या मशिदींचे फोटो आणि खाली असं: "तुर्कांना बांधकाम येतच नव्हतं. १४५३ मध्ये आया सोफिया हिसकावली आणि मग तिच्याच नकला करत बसले. या मशिदी म्हणजे लुटीच्या पैशानं, गुलामांच्या पाठीवर उभा केलेला सुलतानांचा डामडौल. लोकांच्या उपयोगाचं तिथं काहीच नाही."

ऑटोमन, म्हणजे या तुर्की सुलतानांच्या सत्तेची भलामण करायची म्हणून हे लिहीत नाही. कॉन्स्टँटिनोपलची, म्हणजे आजच्या इस्तंबूलची लूट झाली, आया सोफिया या चर्चची मशीद झाली, आणि प्रेषितांच्या नावाचं जुनं, मानाचं चर्च जिथं होतं तिथं फातिह मशीद उभी राहिली. हे सगळं खरं आहे. पण त्यावरून बाकीची चार विधानं आपोआप खरी ठरत नाहीत. एकेक घेऊ.

"बांधकाम येतच नव्हतं." तारखाच बघा. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराची उलू जामी, म्हणजे तिथली मोठी मशीद, १४०० च्या आसपास पुरी झाली. तिच्यावर वीस घुमट आहेत. तिथल्याच एदिर्ने शहराची युच शेरेफेली, म्हणजे तीन सज्ज्यांची मशीद, १४४७ मध्ये पूर्ण झाली. तिचा मधला घुमट सुमारे २४ मीटर रुंद आहे, सहा आधारांवर पेललेला, आणि पुढ्यात ओवऱ्यांचं प्रशस्त अंगण. आया सोफिया तुर्कांच्या हातात यायला तेव्हा अजून सहा वर्षं होती. हा मुद्दा इथंच संपतो.

"नकला केल्या." इथं मात्र जरा थांबायला हवं, कारण यात अर्धं सत्य आहे. आया सोफियाचा धाक ऑटोमन वास्तुकारांना होता. सर्वांत मोठा वास्तुकार मिमार सिनान यानं तर आपल्या आठवणींत सांगूनच ठेवलंय, की असा घुमट मुसलमानांना जमणार नाही हे बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं होतं. एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीचा घुमट आया सोफियाहून रुंद आणि उंच केला, असा त्याचा दावा. रुंदीत दोन्ही जवळपास सारखे, ३१ मीटरच्या आसपास. उंचीत मात्र आया सोफियाच सरस आहे, तिचा घुमट जमिनीपासून सुमारे ५५ मीटर वर. सिनानचा हा दावा मोजमापात टिकत नाही, आणि ते मान्य करायला हरकत नाही.

पण रुंदी सारखी म्हणून नक्कल होत नाही. घुमट नुसता खाली दाबत नाही, आधारांना बाहेरही रेटतो. आया सोफियात पूर्व-पश्चिमेचा रेटा दोन अर्धघुमट घेतात, उत्तर-दक्षिणेला मात्र तसा आधार नाही. ५३७ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचा घुमट ५५८ मध्ये कोसळला. मग तो जास्त उंच करून पुन्हा बांधला, आणि पुढेही त्याचे भाग दोनदा पडले. सिनानला ही इमारत आतून माहीत होती, कारण तिच्या डागडुजीचं कामही त्यानं केलंय.

आता त्याचा प्रवास बघा. शेहजादे मशिदीत (१५४८) त्यानं चारही बाजूंना अर्धघुमट दिले. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत (१५५७) तो पुन्हा दोन अर्धघुमटांवर आला. आराखड्यात ही आया सोफियाच्या बरीच जवळची. पण आत गेल्यावर फरक कळतो. आया सोफियात खांबांच्या रांगांमागे अंधारलेले पट्टे राहतात, सुलेमानियेत बाजूचे भाग मधल्या जागेला येऊन मिळतात. दारात उभं राहिलं की सगळी मशीद एका नजरेत येते. भल्यामोठ्या आधारभिंती गेल्या कुठं हे शोधायला मी बाहेर जाऊन बाजूच्या सज्ज्यांसमोर बराच वेळ उभा होतो. त्या सज्ज्यांच्या कमानींमागेच त्या लपवल्यात. आणि सेलिमियेत (१५७५) तर त्यानं मधल्या घुमटाला टेकणारे मोठे अर्धघुमट सोडूनच दिले. आठ खांब, तेही भिंतीकडे सरकवलेले, आणि मधे एकसंध मोकळी जागा. पंचवीसहून जास्त वर्षं एकाच प्रश्नाला भिडून प्रत्येक वेळी वेगळं उत्तर शोधणाऱ्या माणसाला नकलाकार म्हणणं मला अजिबात पटत नाही. सेलिमियेतल्या मुअज्जिनांच्या, म्हणजे अजान देणाऱ्यांच्या चौथऱ्याच्या संगमरवरी खांबावर बोटभर एक ट्युलिप कोरलंय, उलटं. त्याच्या दंतकथा बऱ्याच आहेत, पण ते शोधायला वाकलो तेव्हा कोरीव कामाची सफाई पाहून मी त्या विसरलो.

"लुटीचा पैसा, गुलामांची पाठ." युद्धात मिळालेल्या संपत्तीतून सुलतानानं मशीद बांधावी असा संकेत होता, हे खरंच आहे. सुलतान पहिल्या अहमदनं मोठा विजय नसताना आज निळी मशीद म्हणून ओळखली जाणारी मशीद बांधायला काढली, तेव्हा उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी नाराजी दाखवली होती. मजुरांचं म्हणाल तर सुलेमानियेच्या हिशेबवह्या शिल्लक आहेत आणि ओमेर लुत्फी बार्कान या तुर्की इतिहासकारानं त्या तपासल्या आहेत. निम्म्याहून अधिक काम मजुरी घेणाऱ्या स्वतंत्र कारागिरांचं होतं, मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांचं. वल्ह्याच्या जहाजांवरचे गुलाम सुमारे ५ टक्के. सुमारे ४० टक्के काम ‘अजेमी ओलान’ यांचं, म्हणजे ख्रिस्ती घरांतून सक्तीनं उचलून आणलेल्या, शिपाईगिरीसाठी तयार होणाऱ्या पोरांचं. हा आकडा मोठा आहे आणि त्यामागचं दुःखही. सिनान स्वतः असाच आणलेला होता. हिशेब मांडायचाच तर तिन्ही आकडे मांडा.

"लोकांच्या उपयोगाचं काही नाही." मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. फोटोत घुमट आणि मिनार दिसतात, पण मोठी ऑटोमन मशीद सहसा एकटी बांधलीच जात नसे. तिच्याभोवतीच्या सगळ्या पसाऱ्याला कुल्लिये म्हणतात. सुलेमानियेभोवती मदरसे होते, त्यांत एक वैद्यकाचा, शिवाय दवाखाना, अन्नछत्र, प्रवाशांची सराई आणि हमाम. दोन मदरशांत आज हस्तलिखितांचं जगप्रसिद्ध ग्रंथालय आहे. त्यांच्यासमोरच्या जुन्या गाळ्यांत आता पांढऱ्या घेवड्याच्या उसळीची हॉटेलं चालतात. मीही तिथं जेवलोय.

एदिर्नेला सुलतान दुसऱ्या बायजीदच्या कुल्लियेतला दवाखाना १४८८ चा. घुमटाखाली षटकोनी दालन, मधोमध कारंजं, भोवती खोल्या. सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो, की इथल्या मनोरुग्णांसाठी दहा गायक-वादक नेमलेले होते आणि ते आठवड्यातून तीनदा येत. दालनाचा आकार आणि कारंजं पाहिलं की आवाज खोलीखोलीत कसा पोचत असेल हे लगेच कळतं.

हे चालायचं कशावर? वक्फच्या उत्पन्नावर. देवस्थानाला इनाम जमीन असावी तशी गावं, गाळे, हमाम यांचं उत्पन्न संस्थेच्या नावे लावून दिलेलं असे. इस्तंबूलला गेलेला प्रत्येक मराठी पर्यटक केशर आणि मिठाई घ्यायला मसाल्यांच्या बाजारात जातो. तो मिसिर बाजार बांधला तोच शेजारच्या येनी जामीचा खर्च भागावा म्हणून, १६६० च्या दशकात. मशीद पुरी केली तुर्हान सुलतान या राजमातेनं. सुरुवात तिच्याआधीच्या सफिये सुलताननं, १५९७ मध्ये.

आणि सुलतान सुलेमानची राणी हुर्रेम. तिनं जेरुसलेमला १५५२ मध्ये अन्नछत्र काढलं. सकाळी तांदळाचं सूप, संध्याकाळी गव्हाच्या भरड्याचं, शुक्रवारी मटण-भात आणि केशर-मधाचा गोड भात, असं ठरवून दिलेलं होतं. जुन्या शहरातल्या त्या स्वयंपाकघरातून अलीकडच्या काळातही लोक डबे भरून नेतात.