आमच्याकडे पायाळू, इकडे ब्रीच

गेल्या आठवड्यात आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोरदार भांडण झालं. मामेबहीण पुण्यात, पहिलटकरीण, ३५ वा आठवडा, सोनोग्राफीत बाळाचं डोकं अजून वरच, आणि डॉक्टर म्हणाले ३८ पूर्ण झाले की सिझर करून टाकू, तारीख तुमची तुम्ही बघा. झालं. एका दादाने लगेच लिहिलं हे सगळे पैशासाठी पोट कापतात, दुसरा म्हणाला आपल्या आज्जीला सात झाली तीही घरी, एका वहिनीने पाय वर करून झोपायचा कसलातरी व्हिडिओ टाकला, आणि मामीने या सगळ्या गोंधळात शांतपणे विचारलं की तारीख आपणच द्यायचीय तर गुरुपुष्य कधी आहे. मग मला टॅग केलं, "ताई तू सांग, तिकडे इंग्लंडात तर नॉर्मलच करतात ना?"

नाही करत. इंग्लंडमध्ये आता सिझरचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या पुढे गेलंय, आणि इथल्या सरकारी दवाखान्यात सिझर केलं म्हणून डॉक्टरच्या खिशात एक पेनीही जास्त पडत नाही. म्हणजे दादाचं गणित इथे लागूच पडत नाही, तरी आकडा हा असा.

तिकडचं गणित अगदी चूक आहे असंही मी म्हणत नाही हं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने, पण सरकारी दवाखान्यात १४.३ आणि खाजगीत ४७.४. हा फरक बघून कुणालाही संशय येईल, मलाही येतो. पण डोकं वर असलेल्या बाळाचं प्रकरण त्या संशयात कोंबू नये असं मला वाटतं, कारण त्यातून मी स्वतः गेलेय.

२०२२ ची गोष्ट. मी मिडलंड्समध्ये राहते. इथे आपल्यासारख्या उठसूट सोनोग्राफ्या होत नाहीत, १२ आठवड्यांच्या आसपास एक, २० च्या आसपास एक, बास. पुढे मिडवाइफ, म्हणजे इथली शिकलेली सुईण, टेपने पोट मोजते आणि हाताने चाचपते. आई फोनवर रोज म्हणायची, अगं हे कसलं फॉरेन, आपल्या तालुक्याला पण मशीन आहे. ३६ व्या आठवड्यात मिडवाइफने बरगडीखाली हात लावला, थांबली, परत लावला, आणि म्हणाली मला वाटतं हे डोकं आहे. लगेच स्कॅनला पाठवलं, तर बाई आरामात बसलेल्या, ढुंगण खाली, पाय सरळ वर, पावलं कानाशी.

माझं वेळेत कळलं हे नशीबच म्हणायचं. केंब्रिजमध्ये ३,८७९ पहिलटकरणींचा ३६ व्या आठवड्याच्या सुमाराला मुद्दाम स्कॅन केला होता, त्यात १७९ बाळं ब्रीच, म्हणजे अशीच डोकं वर आणि ढुंगण किंवा पाय खाली, निघाली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींच्या बाबतीत तोवर कुणाला शंकाही आलेली नव्हती (२०१९ मध्ये छापून आलंय ते). तेव्हा शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीला पैसे उकळणं म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. या एका बाबतीत आई बरोबर होती, तिला अजून सांगितलेलं नाही.

घरी कळवल्यावर काय झालं असेल ते मराठी माणसाला सांगायला नको. "अगंबाई, पायाळू!" आमच्या आत्या स्वतः पायाळू, तासगावकडच्या. लहानपणी मी पाहिलंय, कुणाच्या कंबरेत उसण भरली की सकाळी ओसरीवर येऊन पालथं पडायचं आणि आत्याने हलकेच लाथ मारायची, मग चहा घेऊन माणूस जायचा. वीज कडाडली की मात्र आत्याला दारात उभं राहू द्यायचे नाहीत, पायाळूवर वीज पडते म्हणून. शिवाय गुप्तधन दिसतं म्हणे पायाळूला. आत्याचं म्हणणं, मला गुप्तधन दिसलं असतं तर तुझ्या काकांशी लग्न केलं असतं का. गंमत सोडा, पण त्या सगळ्या कौतुकात एक गोष्ट दडलेली असते, पायाळू म्हणून जे आपल्याला भेटतात ते वाचलेले असतात. जे अडकले त्यांची नावं कुणी ठेवली नाहीत. आत्या जन्मली तेव्हा सुईणीने रात्रभर काय केलं आणि आज्जीचं काय झालं याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही, आज्जी पुढे दोन महिने अंथरुणात होती एवढंच कळतं. "आज्जीला सात झाली" वाल्या भावाने हे आत्याला विचारावं एकदा.

तर इथे मला एक पत्रक हातात दिलं आणि सांगितलं, निर्णय तुझा. पत्रकात तीन रस्ते होते. बाळ बाहेरून हाताने फिरवून बघायचं, नाहीतर ठरवून सिझर, नाहीतर ब्रीच तसंच खालून. आकडे पण होते, इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे: ३९ आठवड्यांनंतर ठरवून सिझर केलं तर बाळ दगावायचा धोका हजारात अर्धा म्हणजे दोन हजारात एक, ब्रीच खालून करायचं ठरवलं तर हजारात दोन, आणि डोकं खाली असलेलं साधं नॉर्मल ठरवलं तर हजारात एक. हा शेवटचा आकडा मी दहा वेळा वाचला. म्हणजे ज्या नॉर्मलसाठी आपल्याकडे पेढे वाटतात तेही शून्य नसतं, आणि ज्या ब्रीचला आपण घाबरतो तेही हजारातल्या ९९८ वेळा बाळ जगतंच. मात्र खालून करायचं म्हणून सुरुवात केलेल्यांपैकी साधारण चाळीस टक्के जणींचं शेवटी घाईत सिझरच होतं, ते बारीक अक्षरात होतं.

"निर्णय तुझा" हे ऐकायला फार भारी वाटतं. इथे २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यानंतर डॉक्टरांना पेशंटला महत्त्वाचे धोके आणि दुसरे पर्याय सांगावेच लागतात, डॉक्टरला काय वाटतं यापेक्षा त्या बाईला काय कळायला हवं हे कोर्टाने वर धरलं. आपल्याकडेही २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने समीरा कोहली प्रकरणात पुरेशी माहिती देऊनच संमती घ्या असं म्हटलंय, फक्त किती सांगायचं ते बरंचसं डॉक्टरांच्या प्रथेवर सोडलं. कागदावर ठीक. पण रात्री दोन वाजता पत्रक घेऊन बसल्यावर मला कायदा नको होता, मला कुणीतरी "माझी मुलगी असतीस तर मी हे सांगितलं असतं" असं म्हणणारं हवं होतं, आणि ते इथे कुणी म्हणत नाही. पुण्यात उलटं, पुण्यात तेवढंच म्हणतात, बाकी काही सांगत नाहीत.

मी आधी फिरवून घ्यायचं ठरवलं. याला ईसीव्ही म्हणतात. पहिलटकरणीला ३६ आठवड्यांपासून, आधी बाळंतपण झालेलीला ३७ पासून करतात, सगळ्या मिळून जवळपास निम्म्या वेळा जमतं, पहिल्या खेपेला जरा कमी. वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्त जात असेल, पाणी गेलं असेल, जुळी असतील तर करत नाहीत. आधी बाळाचे ठोके मशीनवर, मग गर्भाशय सैल पडायला एक इंजेक्शन, त्याने माझंच हृदय असं धडधडायला लागलं की वाटलं दारावर कुणी थापा मारतंय. मग डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी बाळाचं ढुंगण ओटीपोटातून वर उचललं आणि कोलांटी मारायला लावतात तसं ढकलायला लागल्या. चपाती लाटतानाचं वजन असतं ना हातात, तसं, पण पोटावर. दुखलं. फार नाही, पण दुखलं, आणि थांबा म्हटलं की त्या लगेच थांबत होत्या. लगोलग सिझर करायची वेळ दोनशेत एखादीवर येते म्हणून थिएटर जवळच असतं. दोनदा प्रयत्न झाला, बाळ अर्ध्यात वळून परत येऊन बसलं. बापावर गेलंय.

मग मी खालून करायचा पर्याय विचारला, खरंच विचारला, कारण सिझर म्हणजे पुढच्या गरोदरपणाचं आगाऊ बिल असतं, वार जुन्या व्रणात रुतायचा धोका वगैरे, आणि मला दुसरं हवं होतं. मी एवढंच विचारलं, तुमच्या युनिटमध्ये गेल्या वर्षी ठरवून ब्रीच किती झाल्या, आणि माझ्या कळा रविवारी पहाटे सुरू झाल्या तर ते काम येणारी व्यक्ती ड्यूटीवर असेल का? समोरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली खात्री देता येणार नाही. प्रामाणिक होत्या, राग नाही. पण म्हणजे तीन रस्त्यांपैकी एक रस्ता नुसता नकाशावर होता.

याचं कारण २००० सालात आहे. त्या वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मेरी हॅना आणि सहकाऱ्यांची मोठी चाचणी आली, २६ देश, २,०८३ बायका, आणि निष्कर्ष असा की बाळ दगावणं किंवा गंभीर इजा हे ठरवून सिझरमध्ये १.६ टक्के आणि ठरवून नॉर्मलमध्ये ५ टक्के. जगभर डॉक्टरांनी मार्ग बदलला, हॉलंडमध्ये तर दोन महिन्यांत ब्रीचसाठी सिझर ५० टक्क्यांवरून ८० वर गेलं. २००४ मध्ये त्याच चाचणीतल्या मुलांना दोन वर्षांची झाल्यावर तपासलं तर दोन्ही गटांत मृत्यू किंवा वाढीतल्या अडचणी यांत फरक दिसला नाही, पण तोपर्यंत नव्या डॉक्टरांचे हात ते काम विसरले होते, खरंतर शिकलेच नव्हते. ज्या पिढीला यायचं ती रिटायर झाली, लंडन काय आणि लातूर काय.

म्हणून मला आपल्याकडची ही नॉर्मल विरुद्ध सिझरची भांडणं या बाबतीत पोकळ वाटतात. ज्या डॉक्टरने ब्रीच हाताने काढलेलं नाही त्याला आग्रह करून नॉर्मल करायला लावणं हा काही स्वाभिमान नाही, तो त्या पोरीवरचा जुगार आहे. भांडायचंच असेल तर फिरवून बघण्यावरून भांडा. पुण्यात माझ्या बहिणीला हा शब्दसुद्धा कुणी सांगितला नव्हता, थेट तारीख. इथे सांगतात, पण नंतरच्या रस्त्यावर दिवे नाहीत. आणि दादा, डॉक्टर लुटतात म्हणून तिला घाबरवण्यापेक्षा तिच्याबरोबर जाऊन चार प्रश्न विचारले असतेस तर उपयोग झाला असता. पैसे तर मी पण भरलेत, व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज म्हणून, आधीच.

बहिणीला मी फोनवर एवढंच सांगितलं की ३८ ची घाई का, काही वेगळं कारण नसेल तर ३९ पर्यंत थांबता येईल का विचार, तुम्ही बाहेरून फिरवता का विचार, नसाल तर कोण फिरवतं ते विचार, आणि हो, फरशी उकिडवं बसून पुसल्याने बाळ फिरत नाही, मामीला सांग. तिने विचारलं. डॉक्टर म्हणे जरा चकित झाले, म्हणाले कुणी मागत नाही आमच्याकडे, आणि एका दुसऱ्या मॅडमचा नंबर दिला. येत्या गुरुवारी जायचंय. मामीने पंचांग बघून दिवस चांगला आहे असं कळवलंय, म्हणजे घरचा विरोध संपला.

माझं ३९ व्या आठवड्यात ठरवून सिझर झालं. लेकीच्या खुब्यांचा सहा आठवड्यांच्या आत स्कॅन केला, ब्रीच बाळांचा करतातच कारण खुबा सुटायचा धोका त्यांच्यात जास्त असतो, तो नीट निघाला (हे बहिणीलाही सांगून ठेवलंय, तिकडे विचारल्याशिवाय होईलच असं नाही). घरात मात्र वेगळाच वाद पेटला होता, सिझरने झालेली, तीही ढुंगणाकडून, ती पायाळू धरायची का नाही. बाबा म्हणाले नाही, पाय आधी आले पाहिजेत. शेवटी आत्याला फोन लावला. आत्या म्हणाल्या, "डॉक्टरने पहिलं काय धरून ओढलं ते विचार." आम्ही काही विचारलं नाही.

या दिवाळीत गावी गेलो तेव्हा बाबांच्या कंबरेत उसण भरली. सकाळी बघते तर ओसरीवर पालथे पडलेत आणि तीन वर्षांच्या नातीला सांगतायत, हळू मार गं बाळा, हळू.