खाड्याचे पैसे कोण देणार?

आमच्या एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी वाढदिवस आणि आंब्याच्या पेट्यांवर चालतो. गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने तिथे विचारलं: माझी विद्यार्थिनी बीडच्या ऊसतोड बायकांच्या मुलाखती घेतेय, गर्भपिशवीच्या ऑपरेशनबद्दल. दीड-दोन तास बसवून ठेवते त्यांना. काही पैसे द्यावेत का? त्यावर आमच्यातल्याच एकाने लिहिलं (आता विभागप्रमुख झालाय, म्हणून सगळे त्याला सर म्हणतात), "पैसे दिले की बायका खोटं सांगतात. डेटा खराब होतो."

खाली अकरा अंगठे.

मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये राहते आणि आयआरबीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, कचेरीत नोकरी करते. दिवसभर संमतीपत्रं तपासायची, आठवीतल्या पोराला कळेल अशी भाषा आहे का ते बघायचं, ‘पुढील संशोधनासाठी’ असे मोघम शब्द दिसले की लाल खूण करायची. त्यामुळे मला राहवलं नाही. इथे मधुमेहावरच्या प्रश्नावलीला अर्धा तास दिला तरी माणूस टार्गेट या दुकानाचं पंचवीस डॉलरचं गिफ्ट कार्ड घेऊन जातो, तो खोटारडा आहे असं कुणी म्हणत नाही, असं मी ठणकावून लिहिलं. प्राध्यापकाला मुलाखतीच्या पॅनलवर बोलावलं तर तो मानधन घेतो, त्याने त्याचं मत खराब होत नाही वाटतं? सरांचं उत्तर एका ओळीचं होतं: "डॉलरमध्ये बसून नीतिमत्ता सोपी असते."

आठवडाभर ती ओळ डोक्यात होती. फ्रीवेवर, कॉस्टकोच्या रांगेत, सगळीकडे.

एक मान्य करते. पैशाचा प्रश्न सरांना वाटतो तसा नसला, तरी सोपाही नाही. रक्कम फार मोठी केली की गरजू माणसाला नाही म्हणायची सोय उरत नाही. आमच्या कचेरीत यावर तासन्‌तास वाद होतात. शिवाय ऊसतोडीत मजुरी माणसाची नसते, कोयत्याची असते, म्हणजे नवराबायकोची मिळून. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते, हिशेब मजूर आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत. मुलाखतीचे तीनशे रुपये बाईच्या पदरात राहतील कशावरून? पण हा प्रश्न तिला विचारायचा की ग्रुपवर अंगठे देऊन सोडवायचा? राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून त्यांच्या कोप्यांपुढे, म्हणजे झोपड्यांपुढे, पत्रकार, संशोधक, कॅमेरेवाले येऊन जातायत. त्यांनी काय काय नेलं, याची पाहणी झालेली नाही.

आता सरांना जे लिहिलं नाही ते. गिफ्ट कार्डाचं कौतुक सांगताना माझ्याच राज्यातली एक गोष्ट मी सोयीने गाळली. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाचं गाव आहे, हावासुपाई या आदिवासी जमातीचं. वालापाय हिलटॉपला गाडी लावून आठ मैल खाली चालत जायचं. टपाल अजून खेचरांवरून उतरतं. आमच्या मराठी मंडळातली ट्रेकवाली मंडळी तिथल्या निळ्या धबधब्याच्या परमिटसाठी जीव टाकतात. त्या जमातीत मधुमेह फार. म्हणून १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना त्यांनी रक्त दिलं. कागदावर लिहिलं होतं ‘वर्तनविषयक व वैद्यकीय विकारांची कारणं’. तेवढ्या ऐसपैस शब्दांत काहीही मावतं, आणि मावलं. त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, जवळच्या नात्यातल्या लग्नांचा झाला, आणि पूर्वज आशियातून आले का याचाही. ज्यांची श्रद्धा आहे की आपला जन्मच या दरीतला, त्यांना न विचारता! २००३ मध्ये जमातीतली एक बाई विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसली होती, तेव्हा हे उघड झालं. तिने उठून विचारलं, आमच्या रक्ताची परवानगी घेतली होती का? २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. सह्या होत्या बरं का. सगळं कागदोपत्री होतं.

उलट, ज्याच्याबद्दल मी बढाई मारायला हवी होती ते काम पुण्याचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, गावोगावच्या बायकांनाच सोबत घेऊन. कुठली ओवी कुठल्या गावच्या कुठल्या बाईने सांगितली, याची नोंद त्यांनी ठेवली. आमच्या कचेरीतल्या साच्यात हे बसवायचं म्हटलं तर आधी ती नावंच काढायला लागतील, ओळख जपायची म्हणून. ओळख कुणाची जपतो आणि श्रेय कुणाचं बुडवतो, हे त्या फॉर्मवर विचारलेलं नसतं.

सरांवर मी चिडले त्याचं कारण वेगळं आहे, ते लिहिते. माझाही प्रबंध ऊसतोड बायकांवरच होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर मी आठ दिवस जायचे. पहाटे तीनला फडात गेलेल्या बायका दुपारी परतल्या की भाकरी थापता थापता माझ्याशी बोलायच्या. त्यातली एक मला म्हणाली, "ताई, तुमच्यासंगं बोलत बसले अन्‌ आज खाडा पडला, तर भरून देताल का?" मी हसले. पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या पोरीला दिला. जाताना म्हटलं, पुस्तक झालं की आणून दाखवते.

परवा भावाला फोन करून माळ्यावरचा प्रबंध काढायला लावला. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. उंदरांनी कडा कुरतडल्यात. मी सांगितलं त्या पानाचा फोटो त्याने पाठवला. खाड्याचं वाक्य तिथे आहे, माझ्या शुद्ध मराठीत बदलून घेतलेलं. वर लिहिलंय: सहभागी क्र. ७, वय ३४.

नाव मला आठवत नाही. क्रमांकांपुढे नावं लिहिलेला कागद होता. मार्गदर्शकांनी सांगितलं म्हणून व्हायव्हाच्या आदल्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर मी तो जाळला होता.