आरटीई बंद झालेलं नाही, तो मेसेज पुढे ढकलणं बंद करा

परवा रात्री मामेबहिणीचा फोन आला. "दादा, आरटीई बंद झालं म्हणे. मग मी सेतू केंद्रात तीन खेपा उगाच घातल्या का?" तिची मुलगी यंदा पहिलीच्या वयाची होते. नवरा रिक्षा चालवतो. घराजवळच्या इंग्रजी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के मोफत जागांतून अर्ज करायचं आमचं दिवाळीपासून ठरलं होतं. आणि भिशीच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजनं बाईनं कागदांची पिशवी माळ्यावर टाकून दिली.

मेसेज मागवून घेतला. वर तीन लाल दिवे, खाली 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा', आणि लिहिणाऱ्याचं नाव अर्थातच कुठे नाही. त्यात सहा दावे आहेत. सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळत नाही, म्हणून शहरात आरटीई संपलं. जात कुठलीही असो, उत्पन्न लाखाच्या वर गेलं की अर्ज बाद. सोडत नावापुरती, आत पैसे चालतात. या मुलांची लाखाची फी सरकार 'तुमच्या करातून' शाळांना पूर्ण देतं. खासगी शाळा मुलाखत घेऊन मूल नाकारू शकते, जिल्हा परिषद किंवा महापालिका तिचं काही वाकडं करू शकत नाही. आणि आठवीनंतर मुलाला हाकलतात.

पहिल्या दाव्यावर जास्त बोलणार आहे, कारण माझ्या बहिणीला घरी बसवलं ते त्यानंच. मेसेजसोबत वर्तमानपत्राचं एक कात्रण फिरतंय. कात्रण खरं आहे, फक्त तारीख कापलेली आहे.

झालं होतं असं. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं आरटीईच्या नियमांत दुरुस्ती केली. खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्के प्रवेशांतून सूट. महाराष्ट्रातल्या कुठल्या शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही? म्हणजे कागदावर सूट, व्यवहारात सगळाच कारभार आटोपला. त्या वर्षी पालकांनी पोर्टल उघडलं तर यादीत बहुतेक शाळा सरकारी आणि अनुदानित. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कुणाचंही मूल एरवीही फुकट शिकतं, तिथं जायला ऑनलाइन अर्ज आणि सोडत कशासाठी? लोक वैतागले, अनेकांनी अर्जच भरले नाहीत, आणि पालक व संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या.

न्यायालयानं ६ मे २०२४ ला या दुरुस्तीला स्थगिती दिली. प्रवेशाची प्रक्रिया जुन्या पद्धतीनं नव्यानं सुरू करावी लागली. १९ जुलै २०२४ ला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठानं ती दुरुस्ती रद्दच केली. मूळ कायद्याशी आणि संविधानाच्या कलम २१-अ शी, म्हणजे सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या मोफत शिक्षणाच्या हक्काशी, ती विसंगत आहे, असं ठरलं. शाळांची बाजू सर्वोच्च न्यायालयात गेली, ऑगस्टमध्ये तिथंही निकाल तोच राहिला.

मुद्दा सरळ आहे. २००९ चा कायदा संसदेचा. त्याच्या कलम १२(१)(सी) मध्ये खासगी विनाअनुदानित शाळेनं पहिलीच्या पटाच्या किमान २५ टक्के जागा आसपासच्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, असं लिहिलंय. 'जवळ सरकारी शाळा नसेल तर' असं त्यात कुठेही नाही. राज्यानं नियम करायचे ते कायदा राबवायला, कायद्यातली मुलं वगळायला नाही. शेजारच्या कर्नाटकानं २०१८ च्या अखेरीस असाच नियम आणला होता आणि तो तिथल्या उच्च न्यायालयात टिकला, हे मला ठाऊक आहे. तिथलं कुणी इथं ऐकवलं असेल तर ऐकवलं असेल. महाराष्ट्रात तो टिकला नाही.

गंमत म्हणजे एक किलोमीटर हा आकडा आपल्याकडे खरोखर लागतो, पण उलट्या बाजूनं. तो घरापासून शाळेपर्यंत मोजतात, आणि एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलाला आधी संधी मिळते, मग एक ते तीन किलोमीटरवाल्यांना. म्हणजे जो आकडा माझ्या बहिणीच्या फायद्याचा, तोच दाखवून तिला घाबरवलंय.

उत्पन्नाच्या दाव्यावर तर कपाळावर हात मारला. एक लाखाची मर्यादा आहे, ती आर्थिक दुर्बल घटकासाठी, म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या पालकांसाठी. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग आणि दिव्यांग मुलं वंचित गटात येतात. त्यांना उत्पन्नाची अट नाही, दाखलाही मागत नाहीत. ओबीसींना आणि भटक्यांना पूर्वी ती अट होती, हे कबूल. काही वर्षांपूर्वी ती निघाली. माझी बहीण ओबीसी. जातीचा दाखला घरात तयार होता. तरी ती तलाठ्याकडे आणि सेतूत हेलपाटे घालून उत्पन्नाचा दाखला घेऊन आली, त्यावर आकडा आला एक लाख वीस हजार, आणि मेसेज वाचून तिनं स्वतःला स्वतःच अपात्र ठरवलं. त्या तीन दिवसांची रिक्षाची कमाई कोण भरून देणार? मेसेज लिहिणारा?

सोडतीबद्दल. ती राज्यभराची एकत्र, संगणकावर काढतात. निकाल पोर्टलवर लागतो, निवड झालेल्यांना मोबाइलवर संदेश येतो, उरलेल्यांची प्रतीक्षा यादी असते. गल्लीतल्या एजंटाचा हात तिथवर पोचत नाही. तरीही त्याचा धंदा चालतो, कारण त्याला काही करावंच लागत नाही. दहा जणांकडून पैसे घ्यायचे. तिघांचा नंबर आपसूक लागतो, त्यांचे ठेवायचे. सातांना परत करायचे आणि वर 'माणूस प्रामाणिक आहे' हे नाव कमवायचं.

लबाडी होते ती कागदांत. खोटे भाडेकरार, खोटे उत्पन्नाचे दाखले. नागपुरात अशा पालकांवर पोलिसांत गुन्हे दाखल झाले होते. म्हणूनच सोडतीत नाव आल्यावर थेट शाळेत जायचं नसतं. आधी तालुक्याच्या किंवा महापालिकेच्या पडताळणी समितीपुढे मूळ कागद दाखवायचे. बंगल्यात राहणाऱ्यांची मुलं यातून घुसतात ही तक्रार खोटी नाही, आणि समित्या सगळीकडे डोळे उघडे ठेवून बसतात असंही मी म्हणणार नाही. पण त्यावर उपाय तक्रार करणं. पात्र माणसानं अर्जच न भरणं हा कसला उपाय?

आता पैसे. सरकार शाळेला पूर्ण फी देत नाही. कलम १२(२) प्रमाणे राज्याचा प्रति विद्यार्थी खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली जी रक्कम कमी ती मिळते. महाराष्ट्रात ही प्रतिपूर्ती वर्षाला १७,६७० रुपये ठरलेली आहे, कोविडच्या वर्षात ती ८,००० वर आणली होती. ऐंशी हजार फी घेणाऱ्या शाळेलाही १७,६७० च. सवलतीत जमीन किंवा इमारत घेतल्यामुळे ठराविक मुलांना मोफत शिकवायला जी शाळा आधीच बांधील आहे, तिला त्या मुलांपुरते तेवढेही मिळत नाहीत. 'तुमच्या करातून' हा शब्द मात्र बरोबर आहे. सरकारी शाळेतल्या मुलाचा खर्चही तिथूनच होतो.

इथं शाळांची एक बाजू नाइलाजानं मान्य करतो. प्रतिपूर्ती वेळेवर येत नाही. वर्षानुवर्षं थकते, हप्त्याहप्त्यानं सुटते, आणि छोट्या गावातल्या, पंधरा-वीस हजार फीवर चालणाऱ्या शाळेला ते खरंच जड जातं. सरकारला याबद्दल जाब विचारलाच पाहिजे. पण देणेकरी सरकार आणि वसुली पहिलीतल्या पोराकडून, हा न्याय कुठला? आमच्या ओळखीच्या एका मुलाला एका शाळेनं 'तुमचे पैसे आले नाहीत' म्हणून सहलीच्या यादीतून काढलं होतं. सहा वर्षांचं पोर घरी येऊन विचारत होतं, आपले कुठले पैसे?

मुलाखतीचा दावा म्हणजे कायद्याच्या बरोबर उलट. कलम १३ नं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्यांदा केलं तर २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. हे फक्त २५ टक्क्यांतल्या मुलांपुरतं नाही, सगळ्याच मुलांना लागू आहे. प्रवेशासाठी देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. आणि 'जिल्हा परिषद काही करू शकत नाही' म्हणे! कायद्यात स्थानिक प्राधिकरण म्हणतात ते हेच: जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं, त्यांचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होतंय का यावर लक्ष ठेवणं, हे कलम ९ नं त्यांच्यावर घातलेलं काम आहे. शाळेनं नाकारलं तर कलम ३२ खाली त्यांच्याकडे लेखी तक्रार करायची, तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो, नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. अधिकार आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावरून कागद हलवायला चार चकरा पडतात ही रड वेगळी. तोंडी तक्रार करू नका, पोच घ्या.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसा आहे. मेसेजवाल्याला एवढा एक खरा अपवाद सांगता आला असता, तो नेमका राहिला.

राहिली आठवी. यात निम्मं तथ्य आहे. कायदा सहा ते चौदा वयाचा, पहिली ते आठवीचा. नववीला फी भरावी लागते, आणि ज्या शाळेत ती साठ-सत्तर हजार आहे तिथं अनेक मुलांना शाळा बदलावी लागते. हे पालकांना पहिलीतच माहीत हवं. पण हाकलत नाहीत, फुकट शिकवणं थांबतं. आणि नववीत अडचण येईल म्हणून आठ वर्षं सोडून द्यायची, हा हिशेब मला तरी जमत नाही.

काल बहिणीकडे बसून अर्ज अर्धा भरला. शाळा दहापर्यंत निवडता येतात, आम्ही सात निवडल्या. अडलो ते नकाशावर. घराची खूण नेमक्या जागी लावावी लागते, कारण अंतर त्यावरून मोजतात आणि पडताळणीत पत्त्याशी जुळलं नाही तर लागलेला नंबरही जातो. तिचं घर गल्लीत आत आहे, खूण सारखी मुख्य रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर जाऊन बसत होती. मग भाऊजी रात्री दहाला रिक्षा लावून आले, दारात उभे राहिले आणि फोनवरून नेमकी जागा पाठवली. तेवढं जुळलं. जातीचा दाखला माळ्यावरच्या पिशवीतच होता.